आधी हात, मग फडकं

पिशवी आण आतून. जाड नको, पातळ, कुरकुर वाजणारी. प्लॅस्टिकवर २०१८ पासून बंदी आहे खरी, पण तुझ्या मामीच्या फडताळात एखादी घडी नक्की सापडेल. आणलीस? घाल हात तिच्यात आणि फिरव बोनेटवरून. दाबू नकोस. झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतोस तसा फिरव. काय लागतं? मांजरानं हात चाटल्यासारखं ना? आणि ही गाडी तू अर्ध्या तासापूर्वी शाम्पूनं धुऊन, पुसून माझ्यासमोर उभी केलीस. लांबून बघितली तर चकाचक.

माझे उस्ताद म्हणायचे, रंगाच्या बाबतीत डोळा खोटा साक्षीदार. आळेफाट्याला त्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. मी स्टिअरिंग धरायच्या आधी चार वर्षं तिथं पत्रे घासले. दारात गाडी आली की उस्ताद डोळे मिटून दारावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "बघू तर, काय काय खाऊन आलीय." आधी हात, मग फडकं, हा त्यांचा मंत्र. पिशवीची युक्ती मी नंतर शिकलो. उघडं बोट रंगावर अडखळतं, घामानं चिकटतं. प्लॅस्टिक घसरत जातं आणि वाटेत येणारा एकेक कण बोटाला सांगत जातं.

तर हे जे लागतंय ते धुळीच्या पुढचं आहे. धूळ पाण्याबरोबर जाते. हे रुतून बसलंय. तुझ्या गाडीला पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यांत वर बिनरंगाचा पारदर्शक थर, क्लिअर कोट. सगळे थर मिळून शंभर ते दीडशे मायक्रॉन. त्यातला वरचा क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नासचा. तुझ्या डोक्यावरचा केस सत्तरच्या आसपास असतो. म्हणजे केसाहून पातळ काचेखाली तुझ्या हप्त्याची सगळी शोभा आहे. आमच्या जीपच्या जमान्यात हा वरचा थर नव्हताच. रबिंग कंपाउंड मारलं की निम्मा रंग फडक्यावर यायचा. खाली रंगच रंग असल्यानं गाडी पुन्हा ताजी दिसायची. त्या सवयीनं आज गाडी घासशील तर पाच-सहा वर्षांत वरची काच संपेल आणि छत खरजेच्या कुत्र्यासारखं दिसेल.

म्हणून दुसरी गोष्ट: जे विरघळतं ते घासायचं नाही. आधी ओळखायचं, हे आलं कुठून. मग त्याचं औषध. घासणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही मऊ गोष्टीनं. आपल्या जुन्नर-आंबेगावात तर हे ओळखणं सोपं आहे, कारण इथं गाडीला काय चिकटणार ते महिन्यावरून सांगता येतं.

थंडीपासून धर. गळीत हंगाम सुरू झाला की कुठंतरी फड पेटतोच. पाचट जळतं, रात्री वाऱ्यावर काळी लांबट कागदासारखी राख उडते आणि सकाळी दारातल्या पांढऱ्या गाडीवर पसरलेली असते. शेजारी धुराडं असेल तर त्याची बारीक राख वेगळी. आता लोक काय करतात? फडकं घेऊन झटकायला जातात. उसाच्या राखेत वाळूसारखा कण असतो, सिलिका. ती फडक्याखाली दाबून ओढलीस तर पॉलिश पेपर मारल्यासारखंच झालं. आणि दवानं ती भिजली तर क्षार सुटतो, तो उन्हात वाळत गेला की डाग बसतो. म्हणून राख पडलेल्या दिवशी फडक्याला हातच लावायचा नाही. पाईप धर, छतापासून खाली नुसतं पाणी सोड, भरपूर. मग शाम्पूचा फेस. फेस उतरल्यावरच हात. फडाशेजारी राहणाऱ्यानं डिसेंबर ते मार्च गाडी शेडखाली ठेवावी. कव्हर घालायचं असेल तर धुतलेल्या गाडीवर. राखेवर कव्हर टाकलंस तर वारा रात्रभर तुझी गाडी घासत बसेल, मजुरीही घेणार नाही.

फड पेटवणाऱ्यांशी भांडून काही होत नाही, तो विषय निराळा.

माघ-फाल्गुनात आंब्याखाली गाडी लावू नकोस. मोहोरावर तुडतुडे बसतात, त्यांच्या अंगातून गोड चिकटा पडतो. बारीक दवासारखा पडतो, दिसत नाही, आणि दोन दिवसांत त्यावर धूळ बसून काचेवर वायपर करकर करायला लागतो. पुढं त्यावर काळी बुरशी चढते. पण हा डाग साखरेचा. साखर पाण्यानं जाते. कोमट पाणी आणि शाम्पू, पाच मिनिटं भिजत ठेव, संपलं. मी एका पोराला याच डागावर रॉकेल चोळताना बघितलं. ते काय जाणार? गुळाच्या ढेपेवर तेल ओतून ढेप विरघळते का?

रॉकेल कुठं चालतं तर डांबरावर. उन्हाळ्यात रस्त्यांची कामं निघतात, नाशिक हायवेला किंवा गावच्या रस्त्याला ताजं डांबर पडलं की दाराच्या खालच्या कडेला आणि चाकामागं काळे शिंतोडे बसतात. डांबर तेलाच्या जातीचं, त्याला तेलच बोलवतं. फडक्याला थोडं रॉकेल लावून डागावर मिनिटभर नुसतं टेकवून ठेव, डाग आपोआप चॉकलेटी होऊन सुटतो. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणशील, तर घरचं खोबरेल घे; वेळ जास्त लागतो, पण काम होतं. पेट्रोल नको, ते झटकन उडतं आणि रंगाला लागतं. आणि काहीही लावलंस तरी नंतर तो भाग शाम्पूनं धू, नाहीतर तेलावर महिनाभर धूळ बसेल.

पहिल्या पावसात रात्री कळंबकडून येताना दिव्यावर जे किड्यांचं मोहोळ येतं ते सकाळी नंबरप्लेटवर आणि बोनेटच्या पुढच्या ओठावर वाळलेलं असतं. ओला टॉवेल अंथर, दहा मिनिटं चहा पी, मग उचल. तीच रीत पक्ष्याच्या विष्ठेला. फक्त तिथं चहा पिऊन झाल्यावर नव्हे, दिसल्याबरोबर. तिच्यातलं आम्ल उन्हात तापलेल्या क्लिअर कोटमध्ये उतरतं, रात्री कोट गार होऊन आकसतो आणि त्या जागी खळगी राहते, मग ती पॉलिशशिवाय जात नाही. वड-उंबराखाली सावली असते म्हणून सगळे गाड्या लावतात आणि वर साळुंक्या बसलेल्या असतात. जांभळाच्या दिवसांत तर जांभळी रांगोळी. गाडीत एक बाटली पाणी आणि एक मऊ फडकं ठेव, एवढंच करायचं आहे, आणि तेवढंच कोणी करत नाही.

फणसाचा, वडाचा चीक पडला तर नखानं खरवडू नकोस. कोरोनात घेतलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून घरोघरी पडल्यात, त्यात अल्कोहोल असतं. दोन थेंब फडक्यावर, तीस सेकंद टेकव. स्टिकर काढल्यावर राहिलेला गोंदही त्यानंच जातो. तुझ्या मागच्या काचेवर "आईची कृपा" काढून नुसती "आईची" राहिलीय ना, त्यालाही.

द्राक्षाचं सांगायचं राहिलंच. नारायणगाव पट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअर सुरू होतात. बागेच्या कडेला गाडी लावलीस आणि बोर्डो मिश्रणाचा फवारा उडून आला तर निळसर पांढरे ठिपके बसतात. मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. या औषधाची गंमत माहीत आहे का? फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी हे मिश्रण मारायचे, वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून; डाग बघून लोकांना विष वाटायचं. १८८२ च्या सुमाराला मियार्दे नावाच्या प्राध्यापकानं बघितलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. म्हणजे तिकडंही ते रस्त्यावर उडायचंच! तो ठिपका ओला असताना पाण्यानं जातो. वाळला की मोरचूद कमी आणि चुनाच जास्त त्रास देतो, आणि चुन्याचं औषध तेच जे बोअरच्या पाण्याच्या डागाचं.

आता बोअरचं पाणी. इथं जरा थांब, कारण तुझी अर्धी खरखर याचीच आहे. आपल्या काळ्या पाषाणातून झिरपून येणारं पाणी जड. तुझ्या हीटरच्या कॉइलवर बघ, पांढरं कवच आहे की नाही? तेच कवच थेंबाथेंबानं गाडीवर बसतं. दुपारी उन्हात गाडी धुवायची आणि आपोआप वाळू द्यायची, ही आपल्याकडची रीत. पाणी उडून जातं, चुना राहतो, प्रत्येक थेंबाचं एक गोल कडं. दहा वेळा असं झालं की कड्यावर कडं.

माझी फजिती सांगतो. विशीत असताना एका व्यापाऱ्याची जीप माझ्याकडं होती. काचेवर, बोनेटवर हेच डाग. कोणीतरी सांगितलं, संडासाचं अ‍ॅसिड मार, चुना फसफसून जातो. मारलं. फसफसलं खरं. डाग गेले, आणि त्याबरोबर बंपरवरचं क्रोमियम काळं पडलं, बोनेट खडूसारखं फिकं झालं. दोन महिने पगारातून पैसे कापले. उस्तादांकडं गेलो तर ते हसले नाहीत. म्हणाले, "चुना आंबटानं जातो हे बरोबर. पण दुखणं नखाएवढं आणि तू कुऱ्हाड घेऊन गेलास." मग त्यांनी पांढरं व्हिनेगर दाखवलं. एक भाग व्हिनेगर, एक भाग पाणी. पत्रा गार, गाडी सावलीत. फडकं भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग भरपूर पाणी आणि शाम्पू. नाही गेला तर पुन्हा एकदा. दोनदा करूनही कडं दिसत असेल तर चुना गेलेला आहे, खाली खळगी राहिलीय. ती पॉलिशवाल्याचं काम, तिथं हट्ट नको. चिंच-लिंबू तांब्या-पितळेला ठेव. चिंचेचा कोळ गाडीला लावून घासणारेही मी बघितलेत, कोळातला चोथा ओरखडे पाडतो तो वेगळा.

टाळायचं असेल तर सोपं आहे. सकाळी लवकर धू, आणि शेवटी टॉवेलनं पूस, एक थेंब राहू देऊ नकोस. आरशाच्या खाचेतून, डिकीच्या कडेतून नंतर पाणी ओघळतं. गाडी चार पावलं पुढं-मागं घे आणि पुन्हा पूस. कॅनॉलचं पाणी बोअरपेक्षा बरं. पावसाळ्यात पत्रे दोन-चार सरींनी धुऊन निघाले की पागोळ्यांखाली बादली लाव. शेवटचं पाणी त्या बादलीतलं मार. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. माझ्या आईनं डाळ शिजवायला पागोळ्यांचं पाणी धरलं ते याच कारणानं, तिला कोणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं.

सकाळी लवकर म्हटलं, पण अंधारात नव्हे. आणि संध्याकाळी तर नाहीच. आपल्या मागं ऊस आहे. बादली घेऊन चाकापाशी वाकून बसलेला माणूस बिबट्याला माणूस दिसत नाही, लहान जनावर दिसतं. माणिकडोहला बिबट्यांसाठी केंद्र उगाच उभं राहिलं नाही. चाकं दिवसा धुवायची.

आता जवळ ये. मागच्या दारावर, डिकीवर बघ. पांढऱ्या रंगात बारीक केशरी ठिपके दिसतात? टाचणीच्या टोकाएवढे. तुला वाटलं गाडी गंजली. पत्रा गंजलेला नाही. हे बाहेरून आलेलं लोखंड आहे. तू दर आठवड्याला माळशेज उतरून कल्याणला जातोस. घाटात पुढच्या ट्रकचा ब्रेकचा वास येतो ना? त्या वासाबरोबर डिस्कचं आणि लायनरचं तापलेलं चूर्ण उडत असतं, तुझ्या स्वतःच्या चाकांचंही. गरम कण क्लिअर कोटवर पडतो, रुततो, मग दमट हवेत गंजतो, गंजला की फुगतो आणि आजूबाजूचा थर उचलतो. पांढऱ्या गाडीवर दिसतं, काळ्यावर असतं पण दिसत नाही. वेल्डिंगच्या, फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर गाडी लावली तरी हेच. ग्राइंडरच्या ठिणग्या रात्रीच्या फुलबाज्यासारख्या छान दिसतात, पण प्रत्येक ठिणगी लोखंडाचा कण आहे.

याला शाम्पू काही करत नाही. याचं औषध वेगळं मिळतं, आयर्न रिमूव्हर म्हणून माग. फवारलं की दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्यातून जांभळा ओघळ सुटतो. पहिल्यांदा बघशील तर घाबरशील, गाडीला रक्त आल्यासारखं. ते औषध लोखंडाला धरतं आणि धरल्यावर रंग बदलतं. तुझी आजी आहुप्याकडची, तिला हे समजावून सांगावं लागलं नसतं. ती बाळहिरडा गोळा करायची तेव्हा कोयता हिरड्याच्या रसानं काळाकुट्ट व्हायचा. हिरड्यातला तुरटपणा लोखंडाला भेटला की काळा रंग. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे ती याच मेळातून. इथं काळ्याच्या जागी जांभळं, एवढाच फरक.

या औषधाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधातही याच घराण्यातला पदार्थ असतो, म्हणून तो वास तुझ्या बायकोला ओळखीचा वाटेल. रबरी हातमोजे घाल. वाऱ्याकडं पाठ करून उभा राहा. पत्रा गार असला पाहिजे, आणि औषध रंगावर वाळू द्यायचं नाही. चार मिनिटं झाली की पाणी मार. चाकाच्या रिंगला आधी मार, सगळ्यांत जास्त लोखंड तिथंच. आणि ते जांभळं पाणी गुरांच्या गवतावर किंवा विहिरीकडं जाईल असं गाडी उभी करू नकोस. तिकडं, फरशीवर घे.

हे सगळं झाल्यावर पुन्हा पिशवी घाल हातात. निम्मी खरखर गेलेली असेल. उरलेल्या निम्म्यासाठी क्ले बार. नाव ऐकून तू शाडूची माती आणशील म्हणून सांगतो, ती माती नव्हे. लवचीक, च्युइंगमसारखा गोळा असतो, त्यात अगदी बारीक घासणारी पूड मिसळलेली. जपानी डोकं आहे ते. तादाओ कोदाते यांच्या नावानं १९९५ साली अमेरिकेत त्याचं पेटंट निघालं. गोळा रंगावर सरकतो, वर आलेल्या कणाला धरतो आणि मुळासकट उपटून स्वतःत घेतो. सपाट रंगाला काही करत नाही. निदान करू नये.

करू नये म्हणजे तुझ्या हातावर आहे. मऊ जातीचा घे, बहुधा निळा येतो. लाल-करडा कडक असतो, तो पॉलिशवाल्यांच्या हाती शोभतो. सगळा गोळा एकदम घेऊ नकोस, चार तुकडे कर, एक वापर, तीन डबीत. थंडीत आपल्याकडं सकाळी तो दगड होतो, कोमट पाण्यात दोन मिनिटं टाक. तळहाताएवढी पुरी थाप. शाम्पूचं पाणी फवारणीच्या बाटलीत घे आणि एवढं मार की गोळा तरंगला पाहिजे. कोरड्यावर गोळा ओढलास तर माझ्यासमोर ओढू नकोस. दीड-दोन फुटांचा चौकोन धर. गोल गोल नाही, सरळ रेघेत, पुढं-मागं. वजन फक्त बोटांचं. सुरुवातीला खस्स खस्स आवाज येईल, हाताला अडेल. मग एकदम आवाज बंद होतो आणि गोळा लोण्यावरून गेल्यासारखा जातो. तिथं थांब. पुढच्या चौकोनाला जा. दर चौकोनाला पुरी उलटून बघ, तपकिरी झाली की आतल्या बाजूला दुमड, कोरी बाजू वर घे. आणि जमिनीवर पडला तर फेकून दे. पैसे गेले म्हणून धुऊन वापरू नकोस. एक खडा आत गेला की तो गोळा कानशीच झाला. मी स्वतः एकदा मोह केला होता. ती रेघ दुसऱ्या मालकाकडं गेली गाडीबरोबर.

काचेलाही मार. वायपरचा निम्मा करकर आवाज बंद होईल.

क्ले दर धुण्याला नाही. वर्षातून दोनदा बस्स. एकदा दिवाळीच्या आधी, पावसाळ्याची घाण काढायला, आणि एकदा गळीत हंगाम संपला की.

क्लेनंतर रंग अगदी उघडा होतो, जुनं मेणबिण सगळं निघालेलं असतं. त्याला तसाच सोडलास तर पुढची राख आणखी घट्ट बसेल. म्हणून त्याच दिवशी मेण. गाडीचं मेण, मेणबत्तीचं नाही. कार्नोबा म्हणून असतं, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून निघतं. किती लावायचं? डोशाच्या तव्यावर कांदा फिरवतात तेवढं. लोक पुरणपोळीवर तूप ओततात तसं लावतात आणि मग दिवसभर पुसत बसतात. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नकोस, पांढरं पडतं. दोन-अडीच महिने टिकतं. पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहायचे बंद झाले की संपलं समज.

शोरूमवाल्यानं तुला सिरॅमिक कोटिंग सांगितलं होतं म्हणालास. वाईट नाही ते, धुणं सोपं होतं, मेणाहून खूप टिकतं. पण ज्यानं सांगितलं असेल की आता काही चिकटणारच नाही, त्याला बोअरच्या पाण्याची एक बादली पाठव. चुन्याचं कडं कोटिंगवरही बसतं. आणि लावायच्या आधी हेच सगळं करावं लागतं, लोखंड काढा, क्ले मारा. नाहीतर घाण आत आणि वरून काच, असा प्रकार.

धुण्याचं फार सांगत नाही. दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली. चाकांचं फडकं वेगळं, ते रंगाला लागता कामा नये. कपड्याची पावडर नको, भांड्याचा साबण नको, काथ्या तर नकोच. वॉशिंग सेंटरला टाकलीस तर फडकं आपलं घेऊन जा, त्यांच्या फडक्यानं तुझ्या आधी चिखलातला ट्रॅक्टर पुसलेला असतो. खालून डिझेल मारू का विचारतील, नको म्हण. रबराचे बूश फुगतात. आणि स्टँडवरचे ड्रायव्हर रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी झटकतात ना, ते बघून शिकू नकोस. त्यांच्या गाड्यांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या तिथल्याच.

एक घरातलं. दसऱ्याला मामी बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणार. काढू दे, पण काचेवर काढायला सांग, देवाला तेवढंच पोचतं. बाजारातल्या कुंकवाचा लाल रंग पांढऱ्या गाडीवर गुलाबी सावली सोडतो. झेंडूच्या माळेची तार बोनेटला लागणार नाही एवढं बघ. खंडोबाच्या जत्रेत भंडारा पडला तर मात्र घाबरायचं कारण नाही. कोरडा भंडारा फुंकून, पाण्यानं वाहून काढ, पिवळी झाक राहिली तर घासू नकोस, दोन दिवस उन्हात उभी कर. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. मामीनं हळद सांडलेली चादर वाळत घातल्यावर बघ. गुलाल तेवढा वाईट. ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी गाडी गावाबाहेर लाव, कोणी का निवडून येईना. अंगावर पडलाच तर ओल्या फडक्यानं पुसायचा नाही, रंग सुटतो आणि पसरतो. आधी हवेनं किंवा जोराच्या पाण्यानं सगळी पूड घालव.

आणि पिकअपवाला मित्र आहे ना तुझा, टोमॅटो नेणारा, त्याला सांग: क्रेटमधून गळणारा रस मागच्या फळीवर वाळू देत जाऊ नकोस. नारायणगावच्या बाजारातून माल उतरवला की तिथंच एक बादली मार. आंबट रस, त्यात दुपारचं ऊन. माझ्या पहिल्या पिकअपची मागची फळी दोन हंगामांत फिकी झाली ती त्यानंच, आणि मी दोष देत होतो रंगवाल्याला.

बरं, आता ऊन शेडच्या पत्र्यावर आलंय, बोनेट अजून गार आहे. बाटलीत पाणी भर, झाकणभर शाम्पू टाक. हं, दे तो तुकडा, पहिला चौकोन मी करून दाखवतो... ऐक आवाज. खस्स, खस्स. आता? बंद झाला. उलटून बघ, ही तपकिरी रेघ दिसली? ती माळशेजची. घे, आता तू. दाबू नकोस म्हटलं ना.

चांगलं जमतंय. बोनेट झालं की स्टूल आण आणि छतावर पिशवीचा हात फिरव. खालून दिसत नाही म्हणून तिथं तू दोन वर्षं फडकंसुद्धा लावलेलं नाहीस, आणि दोन हंगामांची सगळी राख वरच बसलीय.